गावात माल उतरतो तेव्हा तिथे कोण असतं?

कोळगाव परिसरातल्या ग्रामस्थांना, विशेषतः तारापूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना, तातडीचं आवाहन

२६ जानेवारीची ग्रामसभा तोंडावर आली आहे. त्या दिवसापासून मार्चअखेरीला जेमतेम नऊ आठवडे उरतात आणि गावासाठीची बरीचशी खरेदी याच नऊ आठवड्यांत उरकली जाते. पथदिवे, पाइप, पंप, पेव्हर ब्लॉक, शाळेची बाकं, अंगणवाडीची भांडी. ‘निधी परत जाईल’ असं कुणीतरी म्हणतं आणि मग दर, दर्जा, माप यांतलं कुणी काही विचारत नाही. पुढची दहा वर्षं ज्या वस्तू आपण वापरायच्या, त्या अशा धावपळीत घेतल्या जातात. म्हणून हे आवाहन ग्रामसभेच्या आधी करतो आहे. सभा उरकल्यावर पारावर बसून बोलण्यात अर्थ नाही.

कोळगाव, मोरेकुरण, नंडोरे, उमरोळी घ्या किंवा बोईसरच्या अंगाला सरावली, सालवड, पास्थळ, कुंभवली घ्या. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा माणूस नाही, असा पाडा शोधून सापडायचा नाही. कुणी फिटर आहे, कुणी वायरमन, कुणी लॅबमध्ये केमिस्ट, कुणी गेटवर वॉचमन. मी स्वतः तिथे स्टोअरमध्ये नोकरी केली. हे आवाहन सगळ्यांसाठी असलं तरी पहिल्यांदा तुमच्यासाठी आहे, कारण गावाला आज जी नजर हवी आहे ती तुमच्याकडे तयार आहे.

कारखान्यात माल कसा येतो ते तुम्हाला सांगायला नको, पण ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडी गेटवर आली की आधी काटा होतो. चलनावरचं वजन आणि काट्यावरचं वजन जुळलं तर गाडी आत. स्टोअरवाला खरेदीची ऑर्डर आणि चलन समोरासमोर ठेवून नग मोजतो. मग क्वालिटीवाला नमुना उचलतो. पास झाला तर हिरवं लेबल. नापास झाला तर लाल लेबल लावून माल बाजूला आणि सप्लायरला फोन की गाडी पाठवा, परत न्या. हे झाल्याशिवाय जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद-पावती, निघत नाही, आणि जीआरएन नसेल तर अकाउंट्सवाले बिलाला हात लावत नाहीत. सोड्याची एक गोणी असो की डझनभर गॅस्केट, नियम तोच. शिफ्ट सुटायला दहा मिनिटं राहिली असली तरी तोच.

आता गावातलं बघा. दिवेलागणीला टेम्पो येतो. ग्रामपंचायतीचं कार्यालय बंद झालेलं असतं. ड्रायव्हर शिपायाला फोन करतो, शिपाई शेजारच्या पोराला पाठवतो, पोरगा ‘इथेच टाका’ म्हणतो. चलनावर कुणीतरी सही ठोकतं. पाइप किती आले, कुठल्या जातीचे आले, ऑर्डर कशाची होती, हे त्या सही करणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि त्याची चूकही नसते. त्याला ऑर्डर दाखवलेलीच नसते. दोन दिवसांनी बिल मासिक सभेपुढे येतं आणि मंजूर होतं. ज्या माणसाने सकाळच्या पाळीत परक्याचा माल डोळ्यांत तेल घालून तपासला, तो संध्याकाळी या ढिगाऱ्यावरून मोटारसायकल काढून घरी जातो.

मला म्हणायचंय ते एवढंच. आपल्या गावांत तपासणारी माणसं आहेत, ती फक्त माल उतरतो तिथे नसतात. त्यांना तिथे उभं करायचं आहे, ग्रामसभेने नेमलेली तपासणी समिती म्हणून.

गावाच्या हातात पैसा तरी किती, असं कुणी विचारेल. जुन्या काळात हा प्रश्न ठीक होता. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ८० टक्के वाटा आपल्या राज्यात थेट ग्रामपंचायतींना आला, दहा-दहा टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला. २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले होते, ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचे. पेसा क्षेत्रातल्या गावांना आदिवासी उपयोजनेतले पाच टक्के थेट मिळू लागले, त्याचा शासन निर्णय २१ एप्रिल २०१५चा. शाळेला पटसंख्येप्रमाणे संयुक्त अनुदान येतं, ३१ ते १०० पटाला वर्षाला २५ हजार, आणि ते खर्च करते शाळा व्यवस्थापन समिती, जिच्यात शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तीन चतुर्थांश पालक असतात. म्हणजे तुम्ही आणि मीच. पाणी समिती आहे, तिच्यात निम्म्या महिला. बचत गटांचे, उमेद अभियानातले ग्रामसंघ आहेत. एवढ्या हातांनी खरेदी होते. एकेक रक्कम छोटी दिसते म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. पाच वर्षांच्या रकमांची बेरीज करून बघा.

गावाने स्वतः खरेदी करणं ही काही नवी कल्पना नाही. जागतिक बँकेच्या कर्जातून २००३ साली राज्यात जलस्वराज्य प्रकल्प सुरू झाला, २६ जिल्ह्यांत तो चालला आणि २००९मध्ये संपला. त्यात पैसा हप्त्याहप्त्याने गावच्या पाणीपुरवठा समितीच्या खात्यात येई. पाइप, पंप, विहिरीचं काम, सगळ्याची खरेदी आणि करार समितीने करायचे. शेजारी महिला विकास समिती आणि सामाजिक लेखापरीक्षण समिती असे. भांडवली खर्चातला दहावा हिस्सा गावाने भरायचा, आदिवासी गावांनी पाच टक्के. सगळीकडे सगळं छान झालं असं म्हणणारा मी नाही. काही समित्या कागदावरच राहिल्या, काही एकाच घराच्या ताब्यात गेल्या. पण ज्या गावात पाइप आणायला दोन माणसं गावातली गेली, त्या गावाला आपला पाइप कुठल्या जाडीचा आहे हे कळलं, आणि फुटला तर कुणाला फोन करायचा हेही कळलं. ते शिक्षण त्या कर्जापेक्षा जास्त काळ टिकायला हवं होतं. ते टिकलं नाही, कारण पुढच्या योजना पुन्हा वरून निविदा काढून येऊ लागल्या.

आता दराची गोष्ट, कारण भांडणं इथेच होतात. ‘सर्वांत कमी दर’ म्हणजे गावाचा फायदा, हा समज आपल्या डोक्यात घट्ट बसला आहे. त्याला ऑडिटची भीतीही कारण आहे. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक, सांगतात की कमी दर सोडून जास्तीचा घेतला तर आक्षेप निघेल. त्यांचं म्हणणं खरं आहे. पण कमी दर कशाचा, हे आधी लिहायला त्यांना कुणी अडवलेलं नाही. दरपत्रक मागवतानाच वस्तूचा दर्जा, जाडी, ताकद, वॉरंटी, बसवण्याचा खर्च, दुरुस्तीला किती दिवसांत माणूस येणार, हे सगळं लिहून द्या. मग त्या अटींत बसणाऱ्यांतला सगळ्यांत कमी दर बिनधास्त घ्या. ऑडिटला बोलायला जागा राहत नाही. नुसतं ‘पाण्याचा पंप, एक नग’ एवढंच लिहून दर मागवले तर सगळ्यांत रद्दी पंपाचाच दर कमी येणार, आणि मग नियमाने तोच घ्यावा लागणार.

हिशेबासाठी आकडे धरून बघू. एक पंप ३० हजारांचा, दुसरा ४२ हजारांचा. दोन्ही सारखंच पाणी उचलतात, पण पहिला पाच किलोवॅट खातो आणि दुसरा चार. रोज सहा तास पंप चालला तर वर्षाचे २,१९० तास होतात. दर तासाला एक युनिट वाचलं, युनिटला पाच रुपये धरले, तर वर्षाला १०,९५० रुपये वाचतात. वरचे १२ हजार सव्वा वर्षाच्या आत वसूल, पुढची सगळी वर्षं नफ्याची. आणि हे फक्त विजेचं. मे महिन्यात पंप जळाला आणि टँकर आणावा लागला, बायांना हंडे घेऊन दूरवर जावं लागलं, तो खर्च कुठल्याच दरपत्रकात नसतो. आगोटीला सुके बोंबील घेताना आपल्या घरची बाई सातपाटीच्या बाजारात चार टोपल्या हुंगल्याशिवाय पैसे काढत नाही. भाव ती शेवटी विचारते.

तीन दरपत्रकांचं नाटकही थांबवायला हवं. नियम चांगला आहे. ठरावीक रकमेच्या आत किमान तीन दरपत्रकं, त्यापुढे ई-निविदा. पण तीन वेगळ्या दुकानांची लेटरहेडं, तिन्हींवर एकाच शब्दात एकच टंकचूक, दर शंभर-शंभर रुपयांनी चढते, हे आपण पाहिलेलं आहे. असे कागद एकाच टेबलावर तयार होतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यावर साधा उपाय आहे. दरपत्रकं मागवल्याची सूचना फलकावर लावा आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाका. पालघर आणि बोईसरच्या दुकानांत दोन माणसांनी जाऊन तोंडी भाव विचारून या. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर तीच वस्तू कितीला आहे ते बघा. जेमवर आहे म्हणजे स्वस्तच, असंही धरून चालू नका, तिथलाही भाव बाजाराशी ताडून बघावा लागतो. आणि ई-निविदेची मर्यादा चुकवायला एका खरेदीचे तीन तुकडे पाडले जात असतील तर सभेत उभं राहून विचारा. खरेदीच्या नियमांत त्याला मनाई आहे.

आणखी एक गोष्ट, जी ग्रामसभेत कुणी बोलत नाही. चांगला दुकानदार ग्रामपंचायतीला दर का देत नाही? कारण बिल सहा-सहा महिने निघत नाही. ज्याला उधारीवर थांबायचं आहे तो व्याज दरातच घालतो, आणि ज्याला थांबणं परवडत नाही तो येतच नाही. मग उरतात ते ठरलेलेच. माल पास झाल्यापासून ठरलेल्या दिवसांत पैसे मिळतील, असं ग्रामपंचायतीने लिहून दिलं आणि पाळलं, तर दर आपोआप खाली येतील. कारखान्याच्या पर्चेस खात्यात बसलेला कुणीही हे सांगेल. मी म्हणतो त्या तपासणीचा हाही उपयोग आहे. पास-नापास लगेच ठरलं की बिल अडवून ठेवायला सबब उरत नाही.

आता प्रत्यक्ष काय बघायचं ते सांगतो. तीन वस्तूंपुरतंच सांगतो, बाकीच्यांसाठी गावात जाणकार आहेतच.

जीआय पाइप. पाइपावर रंगाचा पट्टा असतो. पिवळा म्हणजे हलका, निळा मध्यम, लाल जड. बोली भाषेत ए, बी, सी क्लास. दोन इंची पाइप घेतला तर हलक्याची जाडी २.९ मिलिमीटर, मध्यमची ३.६, जडची ४.५. लांबून तिन्ही सारखेच दिसतात, बाहेरचा घेर सारखाच. ऑर्डर निळ्याची आणि उतरला पिवळा, तर नजरेला काही कळत नाही आणि पैसे मात्र निळ्याचे जातात. पट्टा रंगवताही येतो. म्हणून फिटर मंडळींनो, माल उतरेल त्या दिवशी व्हर्निअर घेऊन या. पाइपाच्या तोंडावर चार ठिकाणी लावा, दहा पाइपांतला एक उचला. आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात या अर्ध्या-पाऊण मिलिमीटरमध्ये पाइपाचं आयुष्य ठरतं.

सिमेंट. गोणीवर कुठल्या आठवड्यातलं, कुठल्या वर्षातलं ते छापलेलं असतं. तीन महिन्यांपुढचं सिमेंट पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नये. पावसाळ्यात गोदामात राहिलेलं तर नाहीच. आयएसआय चिन्हाखाली परवान्याचा क्रमांक असतो, सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप मोबाइलवर घ्या, क्रमांक टाका, परवाना कुणाच्या नावाचा आणि चालू आहे की नाही ते तिथेच दिसतं. पाइपांनाही हेच लागू. याला दोन मिनिटं लागतात.

काँक्रीटचा रस्ता. अंदाजपत्रकात १५ सेंटिमीटर लिहिलं असेल तर काँक्रीट पडायच्या आधी फर्म्याची उंची टेपने मोजा, मधली माती किती उपसली तेही बघा. काठावर १५ आणि मध्ये १०, ही जुनी युक्ती आहे. काँक्रीट पडल्यावर मोजायला गेलात तर रस्ता फोडावा लागतो, आणि मग फोडायला कुणी तयार नसतं. पाणी मारणं निदान सात दिवस, पीपीसी सिमेंट असेल तर दहा. शेजारच्या घराने रोज दोन वेळा नळी धरली तर ठेकेदार नाही म्हणणार नाही. मापं मोजमाप पुस्तिकेत चढतात तेव्हा कनिष्ठ अभियंत्यांबरोबर गावातली दोन माणसं हजर असू द्या. चांगल्या अभियंत्याला ते आवडतं, त्याच्यावरचं ओझं हलकं होतं.

फुकट मिळणाऱ्या मालाबद्दलही बोलायला हवं, कारण बोईसर-तारापूरच्या आसपासच्या गावांना तो बराच मिळतो. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५नुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करायचे आहेत, आणि आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यायचं आहे. त्यातून आरओ यंत्रं, सौरदिवे, शाळेला संगणक येतात. फीत कापली जाते, फोटो होतो. त्या यंत्राचं मेम्ब्रेन बदलायला किती लागतात, वाया जाणारं पाणी कुठे सोडायचं, सौरदिव्याची बॅटरी किती वर्षांची, ती कोण बदलणार, हे त्या दिवशी विचारणं आपल्याला अवघड वाटतं. देणाऱ्याचा अपमान नको म्हणून आपण गप्प बसतो आणि दोन वर्षांनी ते यंत्र शाळेच्या ओसरीवर गंजत पडतं. दान घेतानाही अटी लिहून घ्या. निदान तीन वर्षं देखभाल देणाऱ्याने करावी, एवढं तरी मागा. कारखान्यातले आपले लोक त्या कंपन्यांच्या आतच आहेत. सीएसआरवाल्या साहेबांपर्यंत हे पोचवणं त्यांना जड नाही.

कोळगावचं म्हणून एक वेगळं सांगणं आहे. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला आणि मुख्यालय आपल्या गावात आलं. सिडकोने बांधलेल्या त्या इमारतींचं उद्घाटन १९ ऑगस्ट २०२१ला झालं. जिल्ह्याच्या आठही तालुक्यांच्या खरेदीचे कागद ज्या टेबलांवरून जातात ती टेबलं आपल्या दारात आहेत. मोखाड्याच्या माणसाला एका चौकशीसाठी सगळा दिवस घालवावा लागतो, आपल्याला दुपारच्या जेवणाआधी जाऊन येता येतं. दुसरं, इथे नवं शहर वसतं आहे. रस्ते, गटारं, जलवाहिन्या, केबल, सगळ्यांसाठी खोदकाम चालूच राहणार. अशा गावात मार्चमध्ये पेव्हर ब्लॉक बसवून मेमध्ये पाइपसाठी ते उखडणं यासारखा उधळपट्टीचा दुसरा मार्ग नाही. कुठलाही रस्ता मंजूर करण्याआधी खालून काय जायचं आहे ते विचारा, पाइप आधी आणि रस्ता नंतर. हे ठरवायला अभियंता लागत नाही.

एक धोकाही सांगून ठेवतो. तपासणी समिती म्हणजे पोलीस ठाणं नव्हे. समितीच्या नावाने ठेकेदाराकडे चहापाणी मागणारे, पडलेल्या निवडणुकीचा हिशेब चुकता करणारे, मोबाइल घेऊन फक्त व्हिडिओ काढणारे, हे लोक आले की चांगले सरपंचही दार लावून घेतात. म्हणून समितीत कोण बसणार, हे हात वर करून ग्रामसभेत ठरू द्या. सदस्याचा कुणी नातेवाईक पुरवठादार असेल तर त्याने त्या खरेदीपुरतं बाजूला राहावं. आणि माल चांगला आला तर तसंही लिहावं, सहीने. चांगल्या पुरवठादाराला दुसऱ्या गावात दाखवायला तो कागद उपयोगी पडतो, आणि तो पुढच्या वेळी आपल्याकडे परत येतो.

बचत गटाच्या ताईंना वेगळं आवाहन करायला नको खरं तर, त्या आपल्या पुढेच आहेत. महिन्याच्या बैठकीत रुपयान्‌रुपयाचा हिशेब मोठ्याने वाचायची सवय त्यांना आहे. राजस्थानात १९९४च्या डिसेंबरात मजदूर किसान शक्ती संघटनेने कामांची बिलं गावासमोर मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि त्यातून पुढे माहितीच्या अधिकाराची देशभर चळवळ झाली. आपल्याकडे ते वाचन बचत गटात आधीपासून आहे, ग्रामपंचायतीत आणायचं राहिलं आहे. ग्रामसभेआधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे. त्या सभेत हा विषय घ्या, तिथला ठराव ग्रामसभेपुढे येतो.

आता करायचं काय ते नेमकं. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते. त्याच्या आत, म्हणजे १५ जानेवारीपर्यंत, ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या की खरेदी-तपासणी समितीचा विषय विषयपत्रिकेवर घ्यावा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४९ने ग्रामसभेला ग्रामविकास समित्या नेमता येतात, त्यामुळे ‘अशी तरतूद नाही’ हे उत्तर ऐकून परत येऊ नका. ठराव साधा ठेवा: गावासाठी घेतलेला माल उतरवताना ग्रामसभेने नेमलेल्या पाच जणांपैकी किमान दोघे हजर राहतील, ऑर्डरची प्रत त्यांना आधी मिळेल, माल दिवसाउजेडी उतरेल, तपासणीचा कागद सहीने बिलाला जोडला जाईल आणि तो नसेल तर बिल मासिक सभेपुढे येणार नाही, माल नमुना १५ किंवा १६च्या नोंदवहीत चढेल, वॉरंटी कार्ड ग्रामपंचायतीच्या कपाटात राहील. एवढं झालं तरी खूप.

गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार लागतात, जे कमी असेल ते. पेसा गावांत २५ टक्के किंवा १००. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, हे ज्यांना ठाऊक असायला हवं त्यांना पक्कं ठाऊक असतं. पंधरा-वीस लोकांत मग वर्षाचे ठराव होतात. ‘शिफ्ट होती’ ही सबब २६ जानेवारीला चालणार नाही. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या ग्रामसभेच्या चारही दिवशी बहुतेक कारखान्यांना सुट्टी असते. सतत चालणाऱ्या प्लँटवर ज्यांची ड्युटी लागेल त्यांनी घरातलं दुसरं माणूस पाठवावं.

सभेला येण्याआधी मोबाइलवर ई-ग्रामस्वराज उघडा, नाही तर ‘मेरी पंचायत’ ॲप घ्या. आपल्या ग्रामपंचायतीने गेल्या वर्षी कुणाला किती पैसे दिले ते तिथे दिसतं. एक-दोन नोंदी कागदावर उतरवून घ्या आणि ती वस्तू गावात कुठे आहे ते जाऊन बघा. सापडली तर चालते आहे का, नाही तर का नाही, एवढंच सभेत विचारा. आवाज चढवू नका. उत्तर मिळालं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहे, तीस दिवसांची मुदत आहे. त्या कायद्यात कागदांच्या प्रतींबरोबरच कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. रस्त्यात वापरलेल्या मालाचा नमुना तुम्ही रीतसर मागू शकता.

ज्यांना समितीत बसायचं आहे त्या फिटर, वायरमन, गवंडी, केमिस्ट, स्टोअरकीपर, शिक्षक, बचत गटाच्या ताई, सगळ्यांनी आपापलं नाव, हुन्नर आणि कुठल्या दिवशी सुट्टी असते ते त्या अर्जाबरोबरच लिहून द्यावं. समिती ठरली की कोण कुठल्या मालाला उभं राहणार याचा तक्ता फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लागायला हवा, कारण पहिले टेम्पो त्याच सुमाराला येऊ लागतात. अर्ज दोन प्रतींत करा. एक कार्यालयात द्या, दुसरीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या.